मामाची मांडी आणि कानाची पाळी

आमच्या मोहोळकडे मामाला दोनच गोष्टी असाव्या लागतात, मांडी आणि खिसा. भाच्याचं जावळ असो की भाचीचे कान टोचणं असो, लेकरू मामाच्या मांडीवर आणि खर्च मामाच्या खिशातून. डोकं त्याने सोबत आणलंच पाहिजे असं कुणी म्हणत नाही. त्यामुळे बाळंतपणाला आलेल्या ताईच्या लेकीचे कान टोचायचा विषय निघाला आणि मी "कुठं टोचणं सुरक्षित?" असं विचारलं, तेव्हा माझ्या मांडीनेच तोंड उघडल्यासारखे सगळे माझ्याकडे बघू लागले.

घरात तीन पक्ष होते. आई सोनारपक्षाची. "सोनारानंच कान टोचावं, ही म्हण काय उगाच पडली का?" तिच्या वेळी बाराव्या दिवशी सोनार घरी यायचा, सोन्याच्या तारेने कान टोचायचा, तिथल्या तिथे तारेला पीळ द्यायचा आणि नारळ-तांदूळ-दक्षिणा घेऊन जायचा. दाजी डॉक्टरपक्षाचे, पण सासुरवाडीत जावयाचं मत ऐकून घेतात, मोजत नाहीत. तिसरा पक्ष चुलतबहिणीचा, म्हणजे पार्लरमधल्या बंदुकीचा. "एक सेकंद दादा, टक! लेकराला कळतसुद्धा नाही."

कळत नाही हे पहिल्या कानापुरतं खरं. दुसऱ्या कानाच्या वेळी लेकराला सगळं कळलेलं असतं, आणि ते मामाच्या मांडीवरून थेट सोलापूर गाठायच्या बेतात असतं. बंदुकीची खरी अडचण मात्र आवाजाची नाही. तिचं प्लास्टिकचं अंग वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करता येत नाही. फार तर वरून स्पिरिटचा बोळा फिरतो. शिवाय ती धारदार सुईने भोक पाडत नाही, बोथट टोकाचा दागिनाच स्प्रिंगच्या जोराने पाळीतून ढकलते. मऊ पाळी एकवेळ ते सोसते. वरच्या कुरकुरीत भागाला, म्हणजे कूर्चेला, ती मारली तर कूर्चा चेपते. तिथे रक्तपुरवठा आधीच कमी, आणि संसर्ग झाला तर कानाचा आकारच बिघडू शकतो. हे सांगितल्यावर चुलतबहिणीने मला "तू फार वाचतोस" एवढंच सुनावलं. आमच्या घरात हा आरोप आहे.

आरोप आलाच आहे तर पुरता सिद्ध व्हावा म्हणून मी सुश्रुतसंहिता काढली. सूत्रस्थानाचा सोळावा अध्याय मुख्यतः कानांचाच. कान टोचायचे ते रक्षणासाठी आणि भूषणासाठी, सहाव्या किंवा सातव्या महिन्यात, शुक्लपक्षात. लेकराला मांडीवर घ्यायचं, खेळणी देऊन रमवायचं, पाळी ओढून उन्हात धरायची आणि जिथून उजेड आरपार दिसेल तिथे सरळ टोचायचं. पातळ पाळीला सुई, जाड पाळीला आरी. रक्त फार आलं किंवा दुखलं फार, तर जागा चुकली असं समजायचं. मुलाचा आधी उजवा कान, मुलीचा आधी डावा. इतक्या जुन्या काळी कुणी इतक्या बारकाईने लिहून ठेवलंय, आणि मोहोळात उन्हाची टंचाई नाही, म्हणून मी खुशीत वाचत सुटलो. पुढे भोकात कापसाची वात घालून कच्चं तेल सोडायला सांगितलंय, ते ओघात वाचलं गेलं. आई उठून उभीच राहिली. "बघ! तेल सांगितलंय की नाही? आणि म्हणे डॉक्टर!" ग्रंथाचा आधार घेताना पुढची ओळ आधी वाचून ठेवावी.

शेवटी डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्यांचा सल्ला साधा होता. बाराव्या दिवसाची घाई नको. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंटचे डोस असतात, त्यात धनुर्वाताचीही लस असते. ते तिन्ही होऊ द्या, मग कान. सुई नवी, सीलबंद, एकदाच वापरायची. हातमोजे. आधी बधिर करणारं मलम लावता येतं. कुणी घराण्यात जखमेवर गाठीसारखा वण वाढणारं आहे का, हेही त्यांनी विचारलं. आक्का, म्हणजे आमची आत्या, म्हणाली, "आमच्या घराण्यात गाठी फक्त मनात पडतात."

दागिन्यासाठी मी सोनारकाकांकडे गेलो. सोन्याने 2025 साली तोळ्याला लाखाची वेस ओलांडली, आणि नेमकं त्यानंतर मला मामापण आलं. बावीस कॅरेट म्हणजे 91.6 टक्के सोनं, एवढं मला ठाऊक होतं. पण हॉलमार्कची सक्ती 2 ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला नाही, आणि लेकराच्या बाळ्या नेमक्या त्याच्या आतल्या. म्हणजे ज्या दागिन्याने आयुष्यातलं पहिलं भोक बुजू द्यायचं नाही, त्याला सरकारी शिक्का असेलच असं नाही. सोनाराचा शब्द हाच शिक्का. उरलेल्या हिश्श्यात निकेल असलं तर कातडीला खाज सुटते, पाळी चिघळते, म्हणून मी तेही विचारलं. काका हसले. "निकेल नाय घालत. फिरकी घट्ट देतो, सुटून लेकराच्या तोंडात जायला नको. पण टोचायला डॉक्टरकडंच न्या. हात हाय, नजर नाय राहिली." आईचा पक्ष तिथेच फुटला. सोनारानेच सोनाराच्या विरोधात मत दिलं! काकांना मानाचा नारळ मात्र मिळाला, आणि त्यावर आईचं समाधान झालं.

टोचण्याचा प्रसंग अगदी थोडक्यात आटोपला. वेळ खाल्ला तो शाईच्या ठिपक्यांनी. दोन्ही ठिपके एका रेषेत आहेत का, यावर पाच जणांची सहा मतं पडली. मग डावा कान, उजवा कान, एक कर्कश तान, आणि ताईने पोरीला पदराखाली घेतलं की सगळं शांत.

सगळे म्हणाले, झालं एकदाचं. खरं तर तिथून सुरुवात झाली. टोचणं क्षणाचं, पाळी भरून यायला सुमारे सहा आठवडे, आणि त्या सहा आठवड्यांत कानाला धोका सुईचा नसतो, मायेचा असतो. भेटायला येणारी प्रत्येक बाई आधी बाळी फिरवून बघते. "फिरवायला हवी, नाहीतर चिकटते." डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं नेमकं उलटं : फिरवायची नाही, ओढायची नाही, साबणाने हात धुवून, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने दिवसातून दोनदा पुसायचं आणि सोडून द्यायचं. लाली वाढली, सूज आली, पू दिसला किंवा ताप चढला, तर घरगुती उपाय न करता दवाखाना. पण एकजण हळद घेऊन आल्या, दुसऱ्या खोबरेल. तिसऱ्या कडुनिंबाची काडी. आक्काने कडी केली. तिने शाळूच्या कडब्याचं बारीक काड सोलून आणलं, "भोक मोकळं राहतं" म्हणत. ज्या मोहोळच्या संशोधन केंद्राने मालदांडी 35-1 सारखं वाण देशाला दिलं, तिथे ज्वारीचा हा उपयोगही निघावा, हे साहजिकच आहे. तरी मी काड बाजूला ठेवलं आणि म्हणालो, "आक्का, आधी हात धुवा."

तेव्हापासून आक्का माझ्याशी बोलत नाही. वाणी आणि माया दोन्ही एकदम थांबल्या.

एवढं करून मी शिकलो ते असं : टोचणारा सोनार की डॉक्टर हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याहून महत्त्वाचं आहे सुईचं सील आपल्या डोळ्यांदेखत फुटणं. आणि त्याहूनही महत्त्वाचं, घरात कुणीतरी एकाने वाईटपणा घेणं. ते काम आईबापाला जमत नाही, त्यांना सगळ्यांशी नांदायचं असतं. म्हणून आमच्या रीतीत मामा ठेवलाय. पुढच्या पिढीतल्या मामांनी मांडी आणि खिशाबरोबर साबणाची वडीही सोबत ठेवावी. भाचीचे कान आता ठणठणीत आहेत, आक्का रुसलेली आहे, आणि हा सौदा मला सोन्याच्या भावापेक्षा फारच स्वस्तात पडला.