शेवटी कोर्टच!

बँक नको, सरकार नको, मधला दलाल तर मुळीच नको, असा बाणा मिरवणारी मंडळी अखेर न्यूझीलंडच्या हायकोर्टात पोहोचली. क्राइस्टचर्चचं क्रिप्टोपिया हे आभासी चलनांचं छोटं एक्स्चेंज जानेवारी २०१९ मध्ये हॅकरांनी फोडलं. मे महिन्यात ते अवसायनात निघालं. खातेदार आठ लाखांवर, नाणी नऊशेहून अधिक प्रकारची आणि एकेका प्रकाराचा एकच सामाईक हंडा. कुणाचं किती, हे फक्त कंपनीच्या डेटाबेसला ठाऊक. एप्रिल २०२० मध्ये कोर्ट म्हणालं, ही नाणी म्हणजे मालमत्ताच आहे, आणि ती खातेदारांची. कंपनी केवळ विश्वस्त. टाळ्या! मग अवसायकांनी ओळखपत्र मागितलं, पत्त्याचा पुरावा मागितला. निनावीपणाचे पुजारी निमूटपणे कागदपत्रं अपलोड करू लागले. अवसायकांचा खर्च (तो काय कमी असतो?) त्याच हंड्यांतून. बिटकॉइनचं मोठं वाटप व्हायला डिसेंबर २०२४ उजाडला. तोवर त्याचा भाव हॅकच्या वेळच्या वीसपटीहून वर गेला होता. हातात असतं, तर बहुतेकांनी कधीच विकून टाकलं असतं. कोर्टाच्या दिरंगाईनं पक्षकार श्रीमंत झाल्याचं उदाहरण आपल्याकडे कुणाला आठवत असेल, तर जरूर कळवा.