क्रमांकवीर

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांत दरवर्षी एखादा तरी क्रमांकवीर निपजतोच. जायचं असतं एका सत्राच्या एक्स्चेंजला, पण विद्यापीठ निवडायच्या एक्सेलमध्ये रकाने सत्तावीस. रबाळ्याच्या फलाटावर ठाणे लोकलची वाट बघत तो अंगठ्याने ते सरकवत असतो: क्रमांक, विमानभाडं, थंडी, तूरडाळ मिळते का, शनिवार-रविवारात किती राजधान्या उरकतील. क्रमांकाचा रकाना तेवढा पिवळ्या रंगाने भरलेला. कॉलेजचा करार चारच विद्यापीठांशी आहे हे त्याला ठाऊक असतं, तरी यादीत चाळीस. चार स्थळं आलेली असताना चाळीस पत्रिका जुळवत बसणाऱ्या मामाची ही जात.

माझं म्हणणं एवढंच, की तो पिवळा रकाना पुसला तरी काही बिघडत नाही. एक्स्चेंजमध्ये पदवी घरचीच मिळते, फीही बहुधा घरच्याच कॉलेजात भरायची. तिकडून येतं ते एक गुणपत्रक. हा क्रमांक ज्या क्यूएसच्या जागतिक विद्यापीठ क्रमवारीतून येतो, तिच्यात सर्वांत जास्त वजन प्राध्यापकांच्या मतांवरून ठरणाऱ्या नावलौकिकाला. पाहुण्या पोराला कोणते विषय घेऊ देतात, याला तिथे शून्य गुण. (ही क्रमवारी निघाली २००४ साली, आणि ठाणे-वाशी लोकलही त्याच साली सुरू झाली. रबाळ्याच्या पोरांना दोघींपैकी कुणी जास्त पुढे नेलं, हे कळायला सर्वेक्षण नको.) खरी मेख आहे वेळापत्रकात. जर्मनीत हिवाळी सत्राचे तास ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात. म्हणजे इकडची वर्षअखेरची परीक्षा बुडाली आणि जानेवारीतलं नवं सत्रही अर्धवट. नेदरलँड्समध्ये सप्टेंबरला सुरू होऊन जानेवारीअखेर सुटका होते, तिथे नुकसान जरा कमी. शिवाय युरोपात सत्राला ३० क्रेडिट. त्यांतली किती इथे धरली जाणार, ते विभागप्रमुखांच्या सहीवर. सत्तावीस रकान्यांत या सहीचा रकाना नाही.

मोठं नाव बायोडेटात शोभतं, हे कबूल. पण मुलाखतीत पुढचा प्रश्न येतो, ‘तिथे काय शिकलात?’, आणि त्याला क्रमांक हे उत्तर होत नाही. मग क्रमांकाशिवाय निवडायचं तरी कसं? आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या वूमन्स मेडिकल कॉलेजात गेल्या तेव्हा ‘बाईला डॉक्टरी शिकवतात का’ हा एकच रकाना पुरला, आणि १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. त्यांना पर्यायच कुठे होते, असं कुणी म्हणेल. बरोबर, पण क्रमांकवीराला तरी चाराच्या पलीकडे कुठे आहेत?

अर्जाच्या शेवटच्या रात्री, साइट अडकत असताना, तो ऐरोलीचा मित्र जिथे चाललाय तेच विद्यापीठ भरून टाकतो आणि अब्रू राखायला अठ्ठाविसावा रकाना उघडतो: ‘कंपनी’. पिवळ्या रकान्यापेक्षा यात अर्थ जास्त आहे. खोलीचं भाडं निम्मं होतं, आणि कुकर एकच न्यावा लागतो.