भावींचा वर्तमानकाळ

इंग्रजीतलं 'वुड-बी' हे विशेषण मराठी घरांत शिरलं आणि थेट नाम होऊन बसलं. 'हा माझा वुडबी' असं मुलगी सांगते तेव्हा पुढे काय, असं कुणी विचारत नाही. साखरपुडा झालेला असतो, हॉलचा ॲडव्हान्स दिलेला असतो आणि अक्षता पडल्या की हे पद आपोआप खालसा होतं. राजकारणानं मात्र इथे मायमराठीची कास धरली: भावी. याला मुहूर्त लागत नाही. वधूपक्षाला, म्हणजे मतदारांना, कुणी विचारलेलंही नसतं.

मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना आणि कोर्टाच्या तारखा यांत निवडणूक अडकली. मतदान उजाडलं थेट 15 जानेवारी 2026 ला. मधल्या काळात शहरात माजी नगरसेवक होते, भावी नगरसेवक होते, आजी एकही नव्हता. वर्तमानकाळ प्रशासकांकडे होता. गटार तुंबलं की माजी म्हणायचे, आमच्या वेळी असं नव्हतं. भावी म्हणायचे, आमच्या वेळी असं नसेल. पाणी मात्र आत्ताच जिन्यापर्यंत आलेलं असायचं.

भावी असणं स्वस्त नाही. वाढदिवसाचे फ्लेक्स, दहीहंडी, हळदीकुंकू, खेळ पैठणीचा, उज्जैनची बस. त्यातून आरक्षणाची सोडत. निम्म्या जागा महिलांच्या. प्रभागाची चिठ्ठी तशी निघाली की भाऊ एका रात्रीत फ्लेक्सच्या कोपऱ्यात सरकतात आणि मधोमध वहिनी येतात, हात जोडून. आपण लोकनेत्या झाल्याचं वहिनींना बहुधा भाजी आणायला गेल्यावर, चौकातच कळतं. 'भावी' तेवढं तसंच राहतं. या विशेषणाला लिंग नाही, ही फ्लेक्सवाल्याची केवढी सोय!

भिंती आणि चौक विद्रूप करणाऱ्यांसाठी 1995 चा कायदा आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड. दोन हजारांत हल्ली खरी पैठणीही येत नाही.

वरच्या मजल्यावरही हेच. फेब्रुवारी 2023 मध्ये मुंबईत एकाच पक्षाच्या तीन नेत्यांचे 'भावी मुख्यमंत्री' म्हणून फलक थोड्याच दिवसांत लागले. खुर्ची एक, तीही दुसऱ्याच्या बुडाखाली. पण भविष्यकाळात बसायला जागा भरपूर असते.

जानेवारीत 29 महापालिकांच्या 2,869 जागांसाठी पंधरा हजारांवर उमेदवार उभे होते. म्हणजे बारा हजारांहून अधिक भावी एका दिवसात, एका निकालात बेकार व्हायला हवे होते. आमच्या प्रभागात वहिनींचं डिपॉझिट गेलं. आठवड्याभरात चौकात नवा फ्लेक्स आला. वहिनी गायब, भाऊ पुन्हा मधोमध, आणि खाली ठळक अक्षरांत: भावी आमदार. विधानसभा 2029 ला आहे. तोवर भाऊंचे वाढदिवस आहेतच.