दाजींचं सशांचं वेळापत्रक

ससा हा प्राणी कागदावर फार जोमानं वाढतो. इटलीतल्या पिसा गावच्या फिबोनाचीनं 1202 साली आपल्या गणिताच्या पुस्तकात सशांची एक जोडी चार भिंतींत ठेवली आणि वर्षाअखेर तिच्या 377 जोड्या करून दाखवल्या. त्यातला एकही ससा आजारी पडला नाही, एकाही मादीनं नराला बोचकारलं नाही, की एकाही रात्री मुंगसानं जाळी उचकटली नाही. हे गणित माझ्या दाजींना नेमकं निवृत्तीनंतर भेटलं.

दाजी मूळचे कोल्हापूरचे. नोकरी रेल्वेत. बदल्या होत होत हुबळीहून म्हैसूरला आले, तिथंच निवृत्त झाले आणि टी. नरसीपूरच्या रस्त्याला वरुणा गावाजवळ थोडी जागा घेऊन घर बांधून राहिले. वरुणा म्हटलं की कर्नाटकात लोकांना गावचं तळं नंतर आठवतं, आधी सिद्धरामय्या आठवतात. 2023 साली याच मतदारसंघातून निवडून येऊन ते दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले. दाजींना राजकारणाशी कर्तव्य नाही. त्यांचा पक्ष एकच, मटण. कोल्हापूर सुटून जमाना झाला, तरी रविवारी तांबडा-पांढरा झाला नाही तर सोमवार उगवला हे त्यांना पटत नाही. मटणाचा भाव मात्र दर सणाला वर चढतो आणि सण संपल्यावर खाली उतरायचं विसरतो. अशा मनःस्थितीत माणूस काहीही विकत घेतो. दाजींनी एक ‘युनिट’ घेतलं.

सशांच्या धंद्यात युनिट म्हणजे सात माद्या, तीन नर आणि एक रंगीत पत्रक. पत्रकावर हिशोब होता. सात माद्या, वर्षाला प्रत्येकीची सहा वेतं, एका वेताला सहा पिल्लं. एकूण 252.

“पाव्हणं,” दाजी मला म्हणाले, “दोनशे बावन्न भागिले बावन्न. आठवड्याला जवळजवळ पाच ससे. ह्याला काय म्हणायचं?”

“अजीर्ण,” अक्का स्वयंपाकघरातून म्हणाली.

मी तेव्हा चार दिवसांच्या विश्रांतीसाठी म्हणून तिकडं गेलो होतो. मेव्हण्याला बहिणीच्या घरी विश्रांती मिळते हा समज कुणी पसरवला, देव जाणे. मला पिंजऱ्यांवर लावण्यात आलं. प्रत्येकाला वेगळी खोली, दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट उंच. सगळं जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर, म्हणजे साप, मांजर आणि ओल या तिन्हींपासून सुटका. तळाला बारीक जाळी, लेंडी खाली पडावी म्हणून. जाळीनं तळपाय सोलवटतात, म्हणून कोपऱ्यात बसायला एक फळी. वर कौलं. पत्रा नको, पत्र्याखाली ससा भाजून निघतो. तारा पिळून पिळून माझ्या बोटांची जी ससेहोलपट झाली तिची कुठल्याही वेळापत्रकात नोंद नाही.

वेळापत्रक होतंच. रेल्वेचा माणूस ते लावल्याशिवाय राहील कसा? व्हरांड्याच्या भिंतीवर मोठा तक्ता. आडव्या रकान्यांत माद्या, उभ्यांत टप्पे. मीलन. त्यानंतर बाराव्या-चौदाव्या दिवशी पोट चाचपून खात्री. अठ्ठाविसाव्या दिवशी पिंजऱ्यात लाकडी खोका. एकतिसाव्या दिवशी प्रसूती. पाच-सहा आठवड्यांनी दूध तोडणं. तिसऱ्या महिन्याअखेर दोन किलो वजन, आणि शेवटचा रकाना, ज्यावर दाजींनी सभ्यपणे ‘रवाना’ असं लिहिलं होतं. त्याच्या पलीकडं ‘शेरा’. पुढं सगळा तक्ता त्या शेऱ्यानंच भरला.

पहिला शेरा असा पडला की दोन माद्या नर निघाल्या. लहान वयात सशाचं लिंग ओळखणं हे कौशल्याचं काम असतं. विकणाऱ्याला ते अवगत नव्हतं किंवा फारच अवगत होतं. हा शोध लावला दाजींच्या रेल्वेतल्याच एका जुन्या सहकाऱ्यांनी. ते त्रिशूरचे. त्रिशूरजवळ मण्णुत्तीला पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि केरळात परसातला ससा ही काही नवलाई नाही. त्यांनी एकेका सशाला उलटं धरून, फुंकर घालून निकाल सांगितला. पाच माद्या, पाच नर. दाजींनी विक्रेत्याला फोन लावला. तयार माल परत विकत घेण्याचं आश्वासन देणारा तो सद्गृहस्थ त्या दिवसापासून संपर्क क्षेत्राच्या बाहेर राहायला गेला आहे.

मीलनाचा नियम असा की मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं, नराला मादीच्या नाही. आपल्या घरात आलेला परका नर मादी खपवून घेत नाही, चांगलं फोडून काढते.

“म्हणजे आपल्यासारखंच,” दाजी समाधानानं म्हणाले. “मुलीनं सासरी जायचं.”

“आणि जावई सासुरवाडीला आला की मार खाऊन जातो, तेही लिहा तक्त्यात,” अक्का म्हणाली. तिचं बोट माझ्याकडं नव्हतं, पण मी बाजूला सरकलो.

कार्यभाग उरकल्यावर नर बारीक किंचाळतो आणि धाडकन कुशीवर कोसळतो. हे पत्रकात दिलेलं नाही. दाजींनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते पाण्याचा तांब्या घेऊन धावले. त्रिशूरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, कोसळला म्हणजे काम झालं. सशिणीला गाईम्हशीसारखा माजाचा ठरलेला काळ नसतो. संगानंतर दहाएक तासांनी तिचं बीज सुटतं. म्हणजे कागदोपत्री ती केव्हाही तयार. दाजींनी पाचही माद्यांच्या गाड्या एकापाठोपाठ सोडल्या.

एकतिसावा दिवस आला. खोके रिकामे. तक्त्यावर ‘लेट’ असा शेरा पडला. आणखी चार दिवसांनी ‘रद्द’.

एप्रिल चालू होता. म्हैसूरची हवा थंड असते ही बातमी सशांपर्यंत पोचलेली नव्हती. त्यांना घाम येत नाही. अंगातली उष्णता त्या लांब कानांतून बाहेर टाकायची, एवढाच मार्ग. तापमान तिशीच्या वर टिकलं की नर खाणंपिणं, उड्या मारणं सगळं करतो, धाडकन कोसळतोसुद्धा, पण त्याच्यात बीज म्हणून काही उरत नाही, आणि हवा निवली तरी ते परतायला दीड-दोन महिने लागतात. थोडक्यात, आमच्या पाचही नरांनी काम केल्याचा देखावा केला होता. एवढ्या वर्षांच्या सरकारी नोकरीनंतर दाजींना हे लवकर ओळखू यायला हवं होतं, असं अक्काचं मत.

मग चौकशा झाल्या. केंद्र सरकारची मेंढी आणि लोकर संशोधन संस्था राजस्थानात अविकानगरला आहे आणि सशांचं काम तीच बघते. तिची एक शाखा हिमाचलात कुल्लूजवळ गरसा इथं आणि दुसरी कोडाईकनालच्या डोंगरात मन्नावनूरला. दोन्ही ठिकाणी आपण स्वेटर घालून सहलीला जातो. सशाला काय हवं हे सरकारला ठाऊक होतं. ते फक्त आमच्या पत्रकवाल्याला कुणी कळवलं नव्हतं.

शेजारच्या अज्जींनी हे सगळं एका वाक्यात सांगितलं होतं. त्या कुंपणापाशी उभ्या राहून पिंजऱ्यांकडं बघत म्हणाल्या होत्या, “तुंबा बिसिलु.” ऊन फार. अज्जींनी आणि अक्कानं मिळून उपाय केले. पिंजऱ्यांभोवती ओली गोणपाटं, दुपारी प्रत्येक पिंजऱ्यात बर्फाची एक बाटली. ससा त्या बाटलीला पाठ टेकून डोळे मिटून पडायचा. फ्रीजमध्ये इडलीच्या पिठाला जागा उरली नाही. “घरच्या पुरुषाला पंख्याखाली बसवलंय आणि ह्यांना बर्फ,” असं अक्का म्हणे, पण बाटल्या तीच भरे.

ऑस्ट्रेलियात 1859 साली थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदारानं शिकारीची हौस म्हणून इंग्लंडहून दोन डझन ससे मागवून मोकळे सोडले. त्यांचा गुणाकार एवढा झाला की पुढं दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत लांबलचक कुंपण घालायची वेळ आली. वरुण्यात मात्र बर्फ देऊनही बेरीज होईना. मला वाटतं, ससा वाढायला त्यानं वाढू नये अशी कुणाची तरी मनापासून इच्छा असावी लागते.

पाऊस पडला आणि चित्र पालटलं. एका पहाटे मादीनं आपल्या पोटाचे केस उपटून खोक्यात गादी केली आणि तीत सात पिल्लं घातली, उघडी, गुलाबी, डोळे मिटलेली. दाजींनी तक्त्यावर लाल शाईनं ‘आगमन’ लिहिलं. पण अक्काची झोप उडाली, कारण आई पिल्लांजवळ फिरकतच नव्हती. दिवसभर एका कोपऱ्यात बसून ती गवत चघळायची. अक्कानं तिला कोल्हापुरी मराठीत जे ऐकवलं ते इथं देता येत नाही. ड्रॉपर आला, दूध कोमट झालं, रात्री बॅटरी घेऊन पहारा बसला. सकाळी बघतात तो सातही पोटं तट्ट फुगलेली. सशीण दिवसातून एकदाच, तीन-चार मिनिटं पाजते आणि निघून जाते. खोक्यापाशी रेंगाळलं तर वासानं शिकारी प्राण्यांना पत्ता लागतो, ही तिची पिढीजात अक्कल. तीन मिनिटांत सात पोरं आटोपणाऱ्या त्या बाईकडं अक्का त्यानंतर आदरानं बघू लागली.

आदराला थोडा तडा गेला तो पहाटेच्या एका दृश्यानं. सशीण मान खाली घालून स्वतःची मऊ लेंडी थेट खात होती. दाजींनी समजावलं की पहिल्या फेरीत न पचलेला पाला ती दुसऱ्या फेरीत पचवते, त्यातून तिला जीवनसत्त्वं मिळतात. गाय घास वर आणते, ससा खालून घेतो. मार्ग वेगळा, हेतू एकच. अक्कानं त्या दिवशी नाश्ता केला नाही.

बाकी आहार राजेशाही होता. गाजर नव्हे, गाजर हे कार्टूनवाल्यांचं देणं, त्यात साखर फार. सशाचं खरं अन्न गवत आणि पाला. म्हैसूर भागात टिपू सुलतानाच्या काळापासून रेशमासाठी तुती लावतात, आणि तुतीचा पाला सशाला जिवापाड आवडतो. रेशमाच्या किड्यांच्या ताटातलं काढून आमचे ससे जेवत होते.

मधल्या काळात गावात कुजबूज झाली की ससा मारणं गुन्हा आहे. दाजींनी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची झेरॉक्स आणून ठेवली. संरक्षण आहे ते आपल्या रानातल्या सशाला. त्याची पिल्लं उघड्या डोळ्यांची, केसाळ जन्मतात. पिंजऱ्यातला पांढरा न्यूझीलंड व्हाइट हा युरोपातल्या बिळवाल्या सशाचा वंशज. गाव वेगळं, कूळ वेगळं. मग कुणीतरी धर्म काढला. त्यावरही झेरॉक्स निघाली. पाच नखांच्या प्राण्यांपैकी ज्या मोजक्यांना धर्मशास्त्रानं खायला मुभा दिली आहे त्यात ससा आहे, आणि रामायणातला वालीसुद्धा मरता मरता रामाला ही यादी ऐकवतो. एरवी दाजींचा मनुस्मृतीशी छत्तीसचा आकडा. पण मटणाच्या बाजूनं कुणीही बोललं तरी त्याचं ते ऐकून घेतात.

‘रवाना’ या रकान्यापाशी गाडी पुन्हा थांबली. मटणवाल्यानं ससा कापायला नकार दिला. बोकड आणि मेंढा एवढंच माझं शिक्षण, म्हणाला. कोंबडीवाला सशाच्या डोळ्यांकडं बघून मोबाइल बघू लागला. शेवटी त्रिशूरचे गृहस्थ आले आणि कसलाही गाजावाजा न करता, जनावराला कळायच्या आत, काम करून गेले. दोन किलोच्या सशातून किलोभर, फार तर थोडं वर, मांस निघालं. पांढरं, घट्ट, आणि चरबीचा पत्ता नाही. डॉक्टर लोक याच गुणाचं कौतुक करतात. उत्तर ध्रुवाकडं फिरणारा स्टेफान्सन लिहून गेला आहे की चरबीशिवाय नुसत्या सशाच्या मांसावर राहणारी माणसं भरल्या पोटी उपासमारीनं खंगतात. कोल्हापूरच्या माणसाला एवढं लांब जावं लागत नाही. अक्कानं घरची कांदा-लसूण चटणी घातली, सुकं खोबरं भाजून वाटलं, सगळं रीतसर केलं, पण रश्श्यावर मटणाचा तो दाट कट काही चढेना. सगळे गप्प जेवत होते.

“कोंबडीनं मटण व्हायचा प्रयत्न केल्यासारखं लागतंय,” अक्का म्हणाली. दाजींनी शेऱ्यात एवढंच लिहिलं: ‘चव मध्यम.’

दरम्यान पिंजऱ्यांखाली वेगळीच गोष्ट चालली होती. सशाची लेंडी शेणासारखी कुजवत ठेवावी लागत नाही. उष्ण नसते, थेट रोपाच्या बुडाशी टाकता येते. ती पडत होती, वेळेवर, अखंड, एकही दिवस लेट नाही. अक्कानं तिथं म्हैसूरची ईरनगेरे वांगी लावली, पलीकडं नंजनगूडच्या रसबाळे केळीचे चार कंद. मांसाच्या योजनेतून त्या घराला जे भरभरून मिळालं ते वांगं. सोमवारी भरलं वांगं, मंगळवारी भरीत, बुधवारी अज्जींकडून आलेला वांगीभात, तोही आमच्याच वांग्यांचा. बिचारे दाजी जन्मात कधी नव्हते एवढे शाकाहारी झाले.

दसऱ्याला कोल्हापूरहून चुलतमामा आले ते हत्तींच्या जंबोसवारीसाठी कमी आणि सशासाठी जास्त. फोनवरच त्यांनी सांगून ठेवलं होतं. दाजींनी तक्ता पाहिला. दोन माद्या गाभण, दोन पाजत्या, एक रुसलेली, आणि पिल्लं किलोच्या आत. रवाना होण्याजोगं कुणीच नाही. दाजी पहाटे पिशवी घेऊन गुपचूप टी. नरसीपूर रस्त्यावरच्या दुकानात रांगेला उभे राहिले. दुपारी ताटात तांबडा-पांढरा, बाजूला भरलं वांगं. मामांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

“ससा लई भारी!” ते म्हणाले. “ह्याच्यापुढं मटण म्हणजे काहीच न्हाई बघा. आम्हाला पण एक युनिट सांगा.”

अक्कानं तोंड उघडलं. दाजींनी चटकन तिच्या ताटात आणखी एक वांगं वाढलं.