बाबागाडीच्या सारथ्यास,

सन्माननीय साहेब,

अमळनेरला ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पार पडलं. २ ते ४ फेब्रुवारी २०२४, तीन दिवस प्रताप महाविद्यालयाच्या आवारात गर्दी मावत नव्हती. अध्यक्ष रवींद्र शोभणे होते म्हणतात. रविवारी दुपारी ग्रंथप्रदर्शनाच्या गल्लीत मात्र हुकूम चालला तो आपलाच.

खानदेशाला संमेलनं नवी नाहीत. १९४४ साली धुळ्यात मामा वरेरकर अध्यक्ष होते, १९५२ साली याच अमळनेरात कृ. पां. कुलकर्णी, १९८४ साली जळगावात शंकरराव खरात. तेव्हाही लोक पोरंबाळं घेऊन आलेच असतील, कडेवर, खांद्यावर, बोटाला धरून. ग्रंथदालनात वाहन घालण्याचं कुणाला सुचलं नसावं. मागासलेला काळ, दुसरं काय!

गल्ली आपण पाहिलीत. दोन्ही बाजूंना टेबलांवर ओणवलेली माणसं, मधे जेमतेम दोघं जातील एवढी वाट, सतरंजीखालून गेलेली वायर. सवलतीची पाटी दिसली आणि आपण बरोबर मध्यावर गाडी उभी केलीत. मागे रांग तुंबली. एक आजीबाई गोड आवाजात म्हणाल्या, ‘‘भाऊ, गाडी बाजूले ल्या ना.’’ आपण वळून पाहिलंत आणि म्हणालात, ‘‘लहान बाळ आहे, दिसत नाही का?’’

दिसत नव्हतं, म्हणून आम्ही वाकून पाहिलं. गाडीत ‘श्यामची आई’च्या दोन प्रती, एका कोशाचे जाडजूड खंड, पाण्याच्या बाटल्या आणि केळ्यांची फणी. पडायला नको म्हणून कोशाला पट्टा लावलेला. बाळ चार पावलं मागे, वहिनींच्या कडेवर, घामाघूम. साने गुरुजींनी ज्या गावात मास्तरकी केली त्या गावात ‘श्यामची आई’ गाडीत बसून निघाली आणि बाळाची आई पायी! गुरुजींना रडायला फार कारण लागत नसे, पण एवढं सबळ कारण क्वचितच मिळालं असेल.

पुढचं आपल्याला आठवत असेलच. किंमत पाहायला आपण खंड उचललेत, गाडी हलकी झाली आणि मुठीला टांगलेल्या पिशव्यांनी ती मागे ओढली. चहावाल्या पोराचा अख्खा ट्रे सतरंजीवर. त्यालाच आपण झापलंत, हेही रीतीला धरूनच झालं.

गैरसमज नको. चाकाच्या खुर्चीला वाट द्यायलाच हवी. तिथे कुरकुरणाऱ्याला गल्लीबाहेर काढावं. बाबागाडीशीही आमचं वैर नाही. एक ताई सकाळी दालन उघडताच आल्या, गाडीची घडी करून विचारून स्टॉलच्या टेबलाखाली सरकवली, बाळ ओढणीनं छातीशी बांधलं आणि गर्दी व्हायच्या आत पुस्तकं घेऊन गेल्याही. घडीचं बटण आपल्याही गाडीला आहे. मुठीखाली, लाल रंगाचं. पिशव्यांमागे दडलं होतं.

आणि समजा, बाळ खरंच गाडीत असतं, तर त्याला संमेलन काय दिसलं असतं? लोकांच्या पँटी, लोंबणाऱ्या पिशव्या, धूळ. डोक्यावरून फिरणारे गरम चहाचे कप. रेटारेटी झाली तर मागची माणसं गाडीवरच कोसळणार, कारण एवढ्या खाली काही आहे हे त्यांना कळतच नाही. कडेवरचं मूल निदान डोळ्यांसमोर असतं.

गाडी गर्दीतूनच न्यायची हौस असेल तर कार्तिकी एकादशीला जळगावला या. १८७२ पासून तिथे श्रीरामाचा रथ निघतो. हजारो माणसं ओढतात, गल्ल्या अरुंद, पण चाकांपाशी मोगरी लावणारे वाकून उभे असतात. कधी लाकूड टाकायचं, किती तिरकं टाकायचं, सगळं त्यांच्या हातात. त्यावर रथ थांबतो नि वळतो. एक तरबेज मोगरीवाला आपल्यासोबत धाडावा, अशी विनंती पुढच्या संमेलनाच्या आयोजकांना करणार आहे. मानधन आपण द्याल. चहाच्या ट्रेचे पैसेही तेवढे त्यातच धरा, पोरगा अजून वाट पाहतोय.

आपला,
घोट्याला हळद लावून बसलेला एक ग्रंथप्रेमी