पाच-नवमांश शब्द

‘९० दिवसांत ५००० ॲडव्हान्स्ड इंग्रजी शब्द, अर्थासकट. गॅरंटी!’ असला फलक जळगावात आहे, धुळ्यात आहे, आणि मधल्या पारोळ्यात नसेल तर रविवारपर्यंत लागेल. फलकावर कोट-टाय घातलेला एक मुलगा हसतोय. आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा ४५च्या आसपास असताना, तो गळ्यापर्यंत बटणं लावून हसतोय. त्याच्या धैर्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. माझं भांडण भागाकाराशी आहे.

५००० भागिले ९०. रोजचे ५५ शब्द आणि वर पाच-नवमांश शब्द. पंचावन्नांचं एक वेळ समजू शकतो. तासाभराच्या क्लासात प्रत्येक शब्दाच्या वाट्याला पासष्ट सेकंद येतात. तेवढ्यात सर फळ्यावर लिहितात, पोरं उतरवून घेतात, एखादा उच्चार विचारतो आणि सर तो उद्यावर ढकलतात. पण वरच्या पाच-नवमांश शब्दाचं काय करतात? समजा, शब्द आहे ‘पुसिलॅनिमस’, म्हणजे भित्रा. तर आज ‘पुसिलॅ’ आणि उद्या ‘निमस’ असं करत असणार. संध्याकाळी एरंडोलच्या एसटीत खिडकीशी बसलेला पोरगा तो ‘पुसिलॅ’ घरी घेऊन जातो आणि रात्रभर तसाच सांभाळतो. दुसऱ्या दिवशी मामाच्या मुलीची हळद निघाली की त्याचा ‘निमस’ बुडाला. आता तो जन्मभर निम्माच भित्रा राहणार. फी परत मागायला जावं, तर गॅरंटी शब्द देण्याची होती, लक्षात राहण्याची नव्हे. नऊ दिवसांनी मात्र हिशेब चोख जुळतो. नऊ तुकड्यांचे मिळून बरोबर पाच शब्द होतात, त्यामुळे क्लासात दर नवव्या दिवशी घट उठवल्यासारखं वातावरण असावं. आणि एवढं सगळं पार पडून पोरगा पुण्याला मुलाखतीला बसतो. समोरचा विचारतो, स्वतःबद्दल सांगा. पाचच्या पाच हजार शब्द दारात येऊन उभे राहतात आणि एकमेकांना म्हणतात, आधी तुम्ही.

या शब्दांची साथ आली परदेशी शिक्षणाच्या जीआरई परीक्षेमुळे. तिथे विरुद्धार्थी शब्द विचारत, म्हणून याद्या पाठ करायची रीत पडली. ते सुटे विरुद्धार्थी शब्द त्या परीक्षेनेच २०११ साली काढून टाकले आणि शब्द वाक्यात घालूनच विचारायला सुरुवात केली. ही बातमी बहुधा मनमाडला गाडी बदलताना चुकली. १९३० साली तर ‘बेसिक इंग्लिश’ नावाची अवघ्या ८५० शब्दांची यादी निघाली होती, तेवढ्यात साधा व्यवहार भागावा म्हणून. आपल्या क्लासच्या वेगाने ती सोळाव्या दिवशीच संपते. मग उरलेल्या चौऱ्याहत्तर दिवसांची फी कुठल्या तोंडाने घ्यायची?

आता हसणं बाजूला ठेवतो. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. म्हणजे आज क्लासच्या बाकावर बसलेल्या पोराला हा विषय बारा वर्षं शिकवून झालेला आहे. बारा वर्षं! त्या काळात त्याने इंग्रजीतली एक गोष्ट पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत स्वतः वाचलेली नाही. गाईड वाचलं. वर्गात इंग्रजीत तोंड उघडलं ते ‘प्रेझेंट सर’ म्हणायला. शाळेत गोष्टीची पुस्तकं होती, ती कपाटात. कपाटाची किल्ली सरांकडे. सर निवडणुकीच्या कामावर. ज्याला एक वाक्य धड बोलू दिलं नाही, त्याला आता सुटे शब्द मोजून विकायचे, आणि वर सांगायचं की बाबा, तुझी व्होकॅब कच्ची आहे! हा धंदा नाही, ही लूट आहे. आणि पैसे भरतो कोण? केळीचा भाव पडलेला असताना चोपड्याकडचा एखादा बाप भरतो. त्याला घड, फणी, मुनवा, निसवण, पिलबाग, कांदेबाग, करपा हे सगळे शब्द कुठल्याही क्लासविना येतात. पण ते ॲडव्हान्स्ड नाहीत. त्यांना गॅरंटी नाही.

त्याच बापाच्या हातात पीकविम्याचा इंग्रजी कागद येतो. केळीचा विमा हवामानावर चालतो. थंडीत पारा ठरावीक आकड्याखाली सलग काही दिवस राहिला, उन्हाळ्यात वर चढला किंवा वाऱ्याने हद्द ओलांडली, तर पैसे मिळतात. या हद्दीला कागदात ‘ट्रिगर’ म्हणतात. बाप कागद पोरापुढे धरतो.

“भाऊ, ट्रिगर लागना का?”

पोरगा वही उघडतो. ‘टी’च्या पानावर ‘ट्रेपिडेशन’ आहे, ‘ट्रक्युलंट’ आहे. ट्रिगर नाही. तो सोप्या शब्दांत गेला, म्हणून सरांनी गाळला.