पाचपट साहेब

शनिवारी सकाळी कर्जतच्या फलाटावर उतरणाऱ्या गर्दीतल्या जाती आम्हां कर्जतकरांना पाठ आहेत. दोर आणि हेल्मेट घेऊन उतरतात ते ढाकच्या बहिरीला जाणारे. गळ्यात दुर्बीण आणि मान कायम वर, ते पक्षीवाले. हातात मोठा स्पीकर आणि पिशवीत काहीतरी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, ते धबधबेवाले. त्यांना आमच्यापेक्षा पोलीस जास्त ओळखतात. गेल्या काही वर्षांत चौथी जात वाढली आहे. हा माणूस पंचेचाळिशीचा, बँकेत नाहीतर आयटीत, मुलीची बारावी नुकतीच पार पडलेली. पँट गुडघ्यांवर कायमची मातकट, बाकी कडक इस्त्रीची. वडापाव खाताना पाठीवरची बॅग खाली ठेवत नाही आणि स्टेशनबाहेरच्या जास्वंदीचं पान उलटं करून पाहिल्याशिवाय रिक्षात बसत नाही. हा कोळ्यांचे फोटो काढतो. वाटेवर आडवं जाळं बांधून बसणारे हाताएवढे कोळी नव्हेत. ते त्याला ढोबळ वाटतात. त्याला हवा असतो तांदळाच्या कणीएवढा, जाळं न बांधता भिंतीवर नाहीतर पानावर उड्या मारत शिकार करणारा कोळी.

तो जातो ठाकुरवाडीला. कुठल्या, हे विचारू नका. घाट चढताना पळसदरी, जांब्रुंगच्या पुढे रेल्वेचं एक ठाकुरवाडी लागतं, पण ते प्रवाशांनी उतरायचं स्टेशन नाही, आणि कर्जत-खालापुरात डोंगराच्या कुशीत ठाकरांच्या इतक्या वाड्या आहेत की 'ठाकुरवाडी' एवढाच पत्ता सांगणाऱ्याला रिक्षावाला आधी पाणी प्यायला देतो. आमच्या या वाडीत त्याचं नाव पडलं पाचपट साहेब. पहिल्यांदा आला तेव्हा तो ओट्यावर बसून फोनवर कुणाला तरी सारखं सांगत होता, "नाही हो, दुप्पट नको, मला पाचपटच पाहिजे!" शेजारी आजी काकड्यांची पाटी घेऊन बसली होती. तिने ऐकलं आणि भाव पाचपट सांगितला. साहेबाने लेन्सच्या नादात घासाघीस न करता पैसे दिले. त्या दिवसापासून त्याचं नाव ठरलं आणि त्याच्यापुरता काकडीचा भावही.

हा माणूस फोटो काढतो असा त्याच्या घरच्यांचा समज आहे. तो मुख्यतः निवड करतो. कोणती लेन्स घ्यावी, कोणता फ्लॅश, नळी किती लांबीची, याची निवड. मधूनमधून, निवडीत खंड पडला की, फोटोही काढतो.

त्याचा हिशोब ऐकला तर चूक काढता येत नाही, हीच अडचण आहे. साधी मॅक्रो लेन्स एकास एक प्रतिमा देते. म्हणजे तीन मिलिमीटरचा कोळी सेन्सरवरही तीनच मिलिमीटरचा उमटतो. फुल फ्रेम सेन्सर छत्तीस मिलिमीटर रुंद. फोटोच्या रुंदीचा बारावा हिस्सा कोळी आणि उरलेले अकरा हिस्से पान. "पानाचा फोटो काढायला मी डोंबिवलीहून येऊ?" असं तो विचारतो. त्याचं खरं आहे. पानं डोंबिवलीतही आहेत, थोडी.

म्हणून सुरुवात झाली रिव्हर्स रिंगपासून. कॅमेऱ्याबरोबर फुकटात मिळालेली लेन्स उलटी लावायची. स्वस्त आणि गुणी युक्ती. मात्र लेन्स उलटी लागली की कॅमेऱ्याशी तिचं बोलणं बंद होतं आणि तिच्या काही जातींत छिद्र आपोआप अगदी बारीक होतं. ते उघडं ठेवायला एक खटका असतो. साहेबाने त्यात आगपेटीची काडी खोचली. मग त्या व्यवस्थेला एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्समधल्या पोकळ नळ्या, जोडल्या. मग आलं रेनॉक्सचं डीसीआर 250, आठ डायॉप्टरचं चिमट्याने लावायचं भिंग. मग खरी शंभर मिलिमीटरची मॅक्रो. मग बोरा बाजारात एका शनिवारी जाऊन आणलेली कॅननची एमपी-ई 65, 1999 साली निघालेली, एकपासून थेट पाचपटीपर्यंत जाणारी. या लेन्सला फोकसची कडीच नाही. आहे ती कडी फिरवली की प्रतिमेचा मोठेपणा बदलतो आणि फोकस साधायला माणसाने स्वतः पुढेमागे व्हायचं. हातभर अंतरावरचं तिला काहीही दिसत नाही. डोंगर नाही, चंद्र नाही, हाक मारणारी बायकोही नाही. साहेब म्हणतो, हाच तिचा गुण.

दर खरेदीच्या वेळी तो एक दाखला देतो. अमेरिकेतल्या थॉमस शाहान यांनी अशाच उड्या मारणाऱ्या कोळ्यांची छायाचित्रं जगाला दाखवली, ती उलट्या लावलेल्या साध्या लेन्सवर, ट्यूब जोडून, घरी केलेल्या, फ्लॅशचा उजेड मऊ करणाऱ्या डिफ्यूजरने. हे तो डोळे मोठे करून सांगतो, आपण भारावून जातो, आणि दुसऱ्या श्वासाला तो विचारतो, "लाओवाची पंचवीस मिलिमीटर कशी वाटते? अडीच ते पाच पट. घेऊन टाकू?"

पाचपट हाती आली तेव्हा खऱ्या अडचणी आल्या. लेन्सच्या तोंडापासून कोळ्यापर्यंत अंतर उरतं जेमतेम चार सेंटिमीटर. लेन्स पूर्ण उघडी ठेवली तर फोकसची खोली मिलिमीटरचा विसावा भाग. कोळ्याचे पुढचे दोन मोठे डोळे स्पष्ट आले तर कपाळावरचे केस धुक्यात. छिद्र बारीक करावं तर दुसरी गोम आहे. पाचपटीला एफ आठ हे एफ आठ राहत नाही. त्याला एक अधिक पाच, म्हणजे सहाने गुणायचं. एफ अठ्ठेचाळीस. एवढ्याशा छिद्रातून प्रकाश नीट शिरत नाही आणि शिरतो तो पसरतो, त्यामुळे सगळंच चित्र किंचित मऊ होतं. हा हिशोब वाडीतल्या पोरांनी इतक्या वेळा ऐकला की चौथीतला एक जण, ज्याला गुरुजींनी वर्षभर सांगूनही पाढा येत नव्हता, तो आज "आठ सक अठ्ठेचाळीस, अकरा सक सहासष्ट" धडाधड म्हणतो. मधलं काही विचारू नये.

प्रकाश कमी म्हणून फ्लॅश, आणि उघडा फ्लॅश टाकला की कोळी चकचकीत प्लास्टिकचा दिसतो म्हणून डिफ्यूजर. आता डिफ्यूजर हा विषय असा आहे की त्यावर साहेबाला बोलतं केलंत तर परतीची लोकल चुकते. त्याने थर्माकोलची ताटली वापरून पाहिली. ट्रेसिंग पेपर, बटर पेपर, दुधाचा प्लास्टिकचा कॅन, प्रिंगल्सचा उभा डबा, मुलीच्या शाळेची जुनी पाण्याची बाटली, इडलीच्या पिठाचा अर्धवट पारदर्शक डबा पीठ असताना रिकामा करून. घरच्या बाईंनी शेवटी उपाय काढला. भांडं घेताना त्या ते दुकानातल्या दिव्यापुढे धरतात आणि पलीकडचा उजेड दिसला तर घेत नाहीत. त्यांच्या स्वयंपाकघरात आता फक्त स्टील आणि पितळ आहे.

त्यात साहेबाचं म्हणणं पुन्हा खरंच. या कोळ्याला आठ डोळे; चार समोर ओळीत आणि त्यांतले मधले दोन एवढे मोठे की आरशाचं काम करतात. समोर जे असेल ते त्यांत उमटतं. म्हणजे डिफ्यूजर गोल असेल तर कोळ्याच्या डोळ्यात गोल टिकली, चौकोनी असेल तर खिडकी. जाणकार माणूस दुसऱ्याचा फोटो मोठा करून डोळ्यात बघतो आणि सांगतो, "प्रिंगल्स!" एकदा साहेबाच्या एका फोटोत कोळ्याच्या डोळ्यात इडलीच्या डब्याचं झाकण आलं. तो फोटो स्पर्धेत गेला नाही, कारण झाकणावर कंपनीचं नाव होतं.

वाडीचं म्हणाल तर तिला सुरुवातीला या माणसाची दया आली. मुंबईकडे कोळी उरले नाहीत की काय? इथे कारवीचा कुड शेणामातीने लिंपलेला, त्याच्या दर भेगेला कोणी ना कोणी राहतं. हळूहळू पोरं तयार झाली. साहेबाला जे अर्धा दिवस वाकून दिसत नाही, ते पोरांना चालता चालता दिसतं, कारण त्यांची नजर कुर्डू-भारंगी निवडण्यात तयार झालेली. आंब्यावर पानं शिवून राहणारे तांबडे मुंगळे असतात. त्यांच्यात हुबेहूब मुंगळ्याच्या रूपात वावरणारा एक कोळी असतो. साहेबाने पुस्तकात वाचला होता. पोराने बोट दाखवलं: "यो मुंगला नाय. याला पाय आठ." वर शांतपणे म्हणाला, "पुढचे दोन पाय वर धरून मिशा असल्यागत चालतो. लबाड हाय." साहेबाला ते पान सापडेपर्यंत त्याच्या कॉलरमध्ये चार खरे मुंगळे शिरले होते.

आता तीच पोरं डिफ्यूजर धरतात, वाऱ्यावर लक्ष ठेवतात, आणि नव्या माणसाला पारखतात. गेल्या दसऱ्याच्या सुमारास एक तरुण मोठ्या ऐटीत आला. पोरांनी त्याची बॅग न्याहाळली आणि एक जण दुसऱ्याला म्हणाला, "याच्याकडं रेनॉक्स पन नाय." बिचारा संध्याकाळपर्यंत कुणाच्या नजरेला नजर देईना. वाडीने या जातीच्या पोटजाती पाडल्या आहेत: डबेवाले, म्हणजे डिफ्यूजरचे, दांडीवाले, म्हणजे ट्रायपॉडचे, आणि रूळवाले, म्हणजे कॅमेरा केसाकेसाने पुढे सरकवायची फोकस रेल आणणारे. रूळवाल्यांना जरा मान आहे, कारण ते एका जागी तासन्‌तास बसतात आणि त्यांना चहा लागतो.

रूळ कशाला, तर स्टॅकिंगला. एका फोटोत सगळा कोळी स्पष्ट येत नाही म्हणून फोकस जरा जरा सरकवत चाळीस-पन्नास फोटो काढायचे आणि घरी संगणकावर झेरीन नाहीतर हेलिकॉन नावाच्या प्रणालीत ते एकावर एक रचायचे. अट एवढीच की तोवर कोळ्याने हलू नये, पानाने हलू नये आणि राजमाचीकडून वारा येऊ नये. यांतलं एकही कोणाच्या हातात नाही. काही लोक कोळ्याला थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवून गारठवतात आणि मग फोटो काढतात. पाचपट साहेब याच्या सक्त विरोधात आहे. इथे त्याची मान ताठ होते, आवाज बदलतो, आणि मला तो माणूस खरा आवडतो तो इथेच. "जिवंत आहे, जागा आहे आणि माझ्याकडे बघतोय, तर फोटो," तो म्हणतो. आणि हे कोळी बघतात. आपण पुढे झुकलो की अंग वळवून तोंड आपल्याकडे करतात. नराला समोरच्या काचेत स्वतःचंच रूप दिसलं की तो पुढचे पाय वर उचलून आव्हान देतो. साहेब श्वास रोखून आणखी पुढे सरकतो, बोट बटणावर जातं, आणि आव्हान देणारा मल्ल उडी मारून थेट लेन्सवर. चार सेंटिमीटरचाच प्रश्न असतो.

नवी जात सापडावी असं त्याला मनातून फार वाटतं. ती आशा खुळी म्हणता येत नाही. याच मध्य रेल्वेच्या अंगाला, ठाणे-कल्याण पट्ट्यात सापडलेल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याचं वर्णन 2021 साली प्रसिद्ध झालं आणि त्याला नाव दिलं आयसियस तुकारामी. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर दहशतवादी कसाबची बंदूक धरून ठेवणाऱ्या, अंगावर गोळ्या झेलणाऱ्या तुकाराम ओंबळे यांचं नाव. हे सांगताना साहेब डबा बाजूला ठेवतो. मग त्याला कोणीतरी पुढचं सांगितलं: नवी जात ठरवायला देखणा चेहरा पुरत नाही. नमुना अल्कोहोलमध्ये ठेवावा लागतो आणि नराच्या तोंडाशेजारच्या जननांगाची, मादीच्या पोटाखालच्या जननांगाची रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागते. साहेब बराच वेळ गप्प होता. इतकी वर्षं त्याने डोळेच काढले होते. पोट कोणाचंच नव्हतं. आणि मग, अर्थातच, त्याने सूक्ष्मदर्शकाच्या दहापटीच्या ऑब्जेक्टिव्ह लेन्सची चौकशी सुरू केली, जिची फोकसची खोली मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी असते.

आजीचा आणि त्याचा एक प्रसंग सांगायलाच हवा. कुडावर कापसासारखी एक पांढरी टिकली होती, एका इवल्याशा कातिणीचं घर. साहेब सकाळपासून रूळ मांडून तिच्यापुढे बसला होता. ती बाहेर येण्याची वाट बघत त्याने तीन वेळा फ्लॅशची मांडणी बदलली. उठताना कारवीच्या तुटक्या काडीने त्याचा अंगठा फाटला. आजीने रक्त पाहिलं, उठली, कुडावरची ती पांढरी टिकली अलगद सोलली आणि त्याच्या अंगठ्यावर दाबून बसवली. जखमेवर कातिणीचं घर लावतात, रक्त थांबतं, हे तिला तिच्या आजीने सांगितलेलं. साहेब आपल्या अंगठ्याकडे बघत राहिला. तिथे त्याची दिवसभराची मॉडेल राहत होती. तेवढ्यात पोरगं म्हणालं, "सायेब, आता हाताला चिकटलीच हाय, तर काढा ना पाचपट!" डावा अंगठा, उजव्या हातात कॅमेरा, डबा पोराच्या हाती. माझ्या मते त्याचा आजवरचा सर्वांत चांगला फोटो तोच. त्याचं मत वेगळं आहे. त्याला त्यात डिफ्यूजरची कड दिसते.

आता एवढं वाचून कोणाला खरंच या वाटेला जायचं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे. एकास एकची जुनी मॅक्रो लेन्स, तिच्यावर रेनॉक्स, एक साधा फ्लॅश, आणि तोंडापुढे कागदाचा किंवा थर्माकोलचा डिफ्यूजर एवढ्यात काम भागतं. पैसे शिल्लक असतील तर उजेडावर घाला, पटीवर नको. पाऊस ओसरल्यावर दिवाळीपर्यंत या, सकाळी लवकर या, कोळ्याला फ्रीज दाखवू नका आणि पोरांना बिस्किटांऐवजी वह्या आणा.

पाचपट साहेबाची पाचपटीची लेन्स सध्या विकाऊ आहे; जड आहे, असं तो म्हणतो. घ्यायची असेल तर गणपतीच्या आत घ्या. त्यानंतर तो ती स्वतःच परत विकत घेतो, आणि तेव्हा भाव आजी ठरवते तसा लागतो.